चांदी, कडुनिंब आणि कष्टकऱ्याची जखम

बंगल्यात राहणाऱ्या माणसाला जखम कधीमधी होते. कष्टकऱ्याला ती रोज भेटते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, गटारात उतरणारा सफाई कामगार, भंगार वेचणारी माउली, उसाच्या फडात कोयता चालविणारे जोडपे, यांच्या हातापायांकडे एकदा नीट पाहावे. काच, पत्रा, गंजका खिळा, कोयत्याचे पाते, स्टोव्हचा भडका. वस्तीत अशा जखमेला कोणी जखम म्हणतच नाही. "लागलं थोडं" म्हणायचे, जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळायचे आणि पाळीला जायचे. आठ दिवसांनी ती चिघळली की मग दवाखाना, मग खाडा, आणि खाड्यामागोमाग उसनवारी. पायाच्या अंगठ्याला लागलेल्या ठेचेपासून सुरू झालेले प्रकरण कर्त्या माणसाच्या घरी बसण्यावर संपले, अशी कुटुंबे आपल्या कुठल्याही वस्तीत सापडतील.

त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. पहिली मधुमेहाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. मधुमेही माणसाच्या पायाची जखम भरता भरत नाही. दुसरी भर जंतूंच्या मुजोरीची. ज्या अँटिबायोटिक गोळ्यांनी पूर्वी तीन दिवसांत पू आटत असे, त्यांना आता पुष्कळ जंतू दाद देत नाहीत. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली छापला.

अशा वेळी शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा एका जुन्या धातूकडे वळले, तो म्हणजे चांदी. हिचे अतिसूक्ष्म कण झाडपाल्याच्या मदतीने, विषारी रसायने टाळून बनवायचे आणि जखमेच्या मलमात किंवा पट्टीत वापरायचे, अशी ही विद्या आहे. "नॅनो सिल्व्हर" हे शब्द आता मलमाच्या नळ्यांवर आणि पट्ट्यांच्या पाकिटांवर दिसतात. त्यात खरे किती आणि बाजाराची बडबड किती, हे आपल्या घरातील प्रत्येकाला कळले पाहिजे. शिवाय या विद्येचा मोठा भाग परदेशात जन्मलेला नाही. तो आपल्या पुण्यात, सरकारी प्रयोगशाळेत, म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून उभा राहिला आहे. तेव्हा तिचा हिशेब विचारण्याचा हक्कही आपला आहे.

पैंजण काळे का पडते?

चांदीचा जंतुनाशक गुण नवा नाही. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. जन्मताना आईकडून झालेल्या संसर्गामुळे अनेक अर्भकांचे डोळे त्या काळी जात. क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकण्याची पद्धत सुरू केली आणि हे आंधळेपण झपाट्याने घटले. पुढे १९६८ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन पुढे आणले. सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात ज्यांना आपले माणूस घेऊन बसावे लागले आहे, त्यांनी ते पांढरे मलम पाहिलेले आहे.

चांदी जंतूला मारते कशी? याचे उत्तर घरातच आहे. आपल्या भगिनींची पैंजणे आणि जोडवी वापरून वापरून काळी पडतात. हवेत आणि घामात गंधकाची संयुगे असतात, चांदीला गंधकाची भारी ओढ, म्हणून तिच्यावर तो काळा थर चढतो. जंतूच्या शरीरातील कित्येक प्रथिनांमध्येही गंधक असते. चांदीच्या तुकड्यातून ओलाव्यात सुटणारे भारित कण त्याच ओढीने या प्रथिनांना जाऊन चिकटतात. प्रथिन निकामी झाले की जंतूचा श्वास कोंडतो, त्याचे बाहेरचे कवच गळू लागते, त्याची पिलावळ वाढायची थांबते. गोळीचे औषध बहुधा एका ठिकाणी घाव घालते. चांदी एकाच वेळी चार ठिकाणी घालते, म्हणून जंतूला तिच्यातून सुटणे अवघड जाते. अवघड, अशक्य नव्हे. त्याबद्दल पुढे येईलच.

एक सेंटिमीटर चांदी आणि चाळीस खोल्या

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते. जखमेतला सामान्य जंतू एक हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि आपण बोलतो आहोत ते चांदीचे कण दहा-वीस नॅनोमीटरचे. जंतू म्हशीएवढा धरला तर हा कण बोराएवढा झाला.

इतके बारीक करून मिळते काय? पृष्ठभाग मिळतो. सुपारी अख्खी तोंडात धरली तर चव उशिरा येते, कातरून टाकली तर लगेच येते, तोच न्याय. सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर असा चांदीचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढा. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरला तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. आपल्या बीडीडी चाळींतील जुनी खोली १६० चौरस फुटांची. तशा चाळीस खोल्यांची जमीन झाकेल एवढा पृष्ठभाग एका बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चांदीतून निघतो. चांदी आपले काम पृष्ठभागावरूनच करते, म्हणून थोड्या चांदीत मोठे काम होते, आणि चांदी महाग असल्यामुळे गरिबाच्या दृष्टीने यालाच अर्थ आहे.

पुण्यातील पाने आणि बुरशी

आता मूळ गोष्टीकडे येऊ. असे कण बनविण्याची रूढ पद्धत रासायनिक आहे. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा आणि त्यात असे रसायन घालायचे की जे चांदीला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा धातू बनवील. त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड, हायड्रॅझिन असली रसायने वापरली जातात. हायड्रॅझिन तर जहालच. ते कणांना चिकटून राहिले तर जखमेवर लावायचे कसे, आणि उरलेले पाणी ओतायचे कुठे, हा प्रश्न होता.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाला वेगळी वाट काढली. २००१ साली त्यांनी व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीच्या पेशींत चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात असे दाखविले. २००३ साली फ्युझेरियम या दुसऱ्या बुरशीने तेच काम पेशीबाहेर, पाण्यात करून दाखविले. ही बुरशी पिकांवर मर रोग आणते, शेतकऱ्याची ती वैरीण. तिच्याकडून औषधाचे काम करून घेतले गेले! त्याच सुमारास जिरॅनियमच्या पानांचा, २००४ साली कडुनिंबाच्या पानांचा आणि २००६ साली कोरफडीच्या पानांचा उपयोग केल्याचे निबंध याच गटाने प्रसिद्ध केले. जगात आज वनस्पतींपासून नॅनोकण बनविण्यावर हजारो निबंध निघतात, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी पुण्याचे हे काम आहे. आणि विदर्भात, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीपासून चांदीचे कण बनविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. चांदीचे नॅनोकण ही जंतुनाशकांची नवी पिढी आहे, असे मांडणारा त्यांचा २००९ चा निबंध जगभर वाचला गेला. खराट्याने गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात जंतूंवर संशोधन व्हावे, हे आम्हाला फार आवडले.

कृती ऐकली तर घरच्या काढ्यासारखी वाटेल. कडुनिंबाची पाने स्वच्छ धुऊन, चिरून, शुद्ध केलेल्या पाण्यात थोडा वेळ उकळायची आणि गाळून घ्यायची. दुसरीकडे एक लिटर पाण्यात साधारण १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचे, म्हणजे चिमटीपेक्षाही कमी. या बिनरंगी पाण्यात काढ्याचा थोडा भाग घातला की द्रावण आधी पिवळे आणि हळूहळू कोऱ्या चहासारखे तपकिरी होऊ लागते. हा रंग काढ्याचा नसतो. चांदीचे कण तयार होऊन त्यांच्यावर प्रकाश पडल्याची ती खूण असते. पानांतील शर्करा आणि इतर रसद्रव्ये चांदीला इलेक्ट्रॉन देतात, आणि त्यांतीलच काही द्रव्ये प्रत्येक कणाभोवती पातळ आवरण धरतात. ते आवरण नसेल तर कण एकमेकांना चिकटून गाळ बसेल.

हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे, एवढे येथेच सांगतो. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागले तर काळे डाग पडतात, डोळ्यांत उडाले तर इजा होते. पण बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज होण्यासारखा आहे. त्याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. विज्ञान शाखेत गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तो मागून घ्यावा. कणांचे माप घेण्यासाठी मात्र मोठी उपकरणे लागतात, ती विद्यापीठांत असतात.

कडुनिंब आपल्याला परका नाही. विनयपिटकातील महावग्गात भेसज्जखंधक नावाचे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी कोणकोणती औषधे चालतील याची त्यात मोठी यादीच आहे. औषधी पानांमध्ये तेथे कडुनिंबाचे नाव येते, तुळशीचे येते, कापसाच्या झाडाचेही येते. जखम झालेल्या भिक्खूसाठी पट्टी बांधण्याची, खाज सुटल्यास मोहरीची पूड वापरण्याची, वाढलेले मांस मिठाच्या खड्याने कापण्याची आणि तेल लावण्याची मोकळीक तथागतांनी दिली, असे हा ग्रंथ सांगतो. प्रत्येक सवलतीमागे एखाद्या दुखणाईत भिक्खूची अडचण आहे. दुखणे पाहिले, उपाय केला, तो पुरला नाही तर पुढचा केला.

त्याच ग्रंथात वैद्य जीवकाची कथा आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला सांगितले, नगराभोवती एक योजन फिर आणि औषधी गुण नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. ही कथा काही लोक "सगळा झाडपाला औषधीच" असे म्हणण्यासाठी सांगतात. आम्हाला ती वेगळी दिसते. जीवक कुदळ घेऊन योजनभर हिंडला आणि एकेक वनस्पती पाहिली, ती पाहण्याची सवय आचार्यांना तपासायची होती.

"हिरवे" म्हणजे नेमके काय?

तर आपणही पाहू. कडुनिंबाचे नाव घेतले की माणूस निर्धास्त होतो. "हर्बल आहे, अपाय नाही," असे औषध विकणारा सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण या मलमात जंतूला मारणारी मुख्य वस्तू चांदी आहे. पान तिला घडविते, सांभाळते, क्वचित थोडी मदत करते. झाडाचे चित्र पाकिटावर असले म्हणून आतला धातू झाड होत नाही.

शिवाय सिल्व्हर नायट्रेट येते कुठून? चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून. म्हणजे सुरुवातीला आम्ल आलेच. उलट सगळी रासायनिक कृती विषारी असते असेही नाही. लिंबातील आंबटाच्या कुळातले सोडियम सायट्रेट वापरूनही चांदीचे कण बनविता येतात, आणि ते तर खाद्यपदार्थांतही घालतात. तेव्हा "हिरवी पद्धत" हा शब्द ऐकला की कोणते रसायन वाचले, किती पाणी लागले, उरलेल्या द्रावणाचे काय केले, हे विचारावे.

शेवटचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. चांदी पाण्यातील मासे आणि बारीक जीवांना अतिशय घातक आहे. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात घाण खाऊन टाकण्याचे काम जंतूच करीत असतात. चांदी त्यांच्यात आणि जखमेतल्या जंतूंत भेद करीत नाही. दुर्गंधी येऊ नये म्हणून मोज्यांत आणि कपड्यांत चांदीचे कण भरण्याची टूम निघाली आहे. धुण्याबरोबर ते कण गटारात जातात. जखमेसाठी वापरलेली चांदी आम्हाला समजते. मोज्यांसाठी वापरलेली चांदी ही आम्हाला निव्वळ उधळपट्टी वाटते.

मलम झाले, मग अडले कुठे?

पुण्यातच आगरकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटरचे, जैविक पद्धतीने स्थिर ठेवलेले चांदीचे कण घेऊन जखमेवर लावण्याचे जेल तयार केले. २००९ सालच्या त्यांच्या निबंधात महत्त्वाची गोष्ट नोंदलेली आहे. जळीत कक्षातील त्या पांढऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाच्या तोडीचे जंतुनाशक काम या जेलने तीसपट कमी चांदीत केले, आणि उंदरांच्या कातडीवरील चाचणीत अपाय दिसला नाही. तीसपट कमी! खर्चाच्या आणि नदीच्या, दोन्ही हिशेबांनी ही चांगली बातमी होती.

तरीही निबंध हजारो आणि दवाखान्याच्या फळीवर मलमे थोडी, असे का? पहिले कारण पानांतच आहे. पावसाळ्यातले कडुनिंबाचे पान आणि उन्हाळ्यातले पान सारखे नसते. नांदेडचे आणि नाशिकचे सारखे नसते. पान बदलले की काढा बदलतो, काढा बदलला की कणांचे माप बदलते. औषधाची प्रत्येक नळी मात्र सारखी असावी लागते. दुसरे कारण असे की बहुतेक निबंध काचेच्या बशीपाशी थांबतात. बशीतल्या जंतूंवर द्रावण टाकले, भोवती स्वच्छ कडे उमटले, निबंध छापला. माणसाच्या जखमेत रक्त असते, पू असतो, मीठ असते, प्रथिने असतात. चांदी त्यांनाही चिकटते आणि जंतूपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडते.

माणसांवरील पुरावा काय म्हणतो? वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली जखमेवर लावायच्या चांदीच्या मलमांच्या आणि पट्ट्यांच्या २६ चाचण्या, एकूण २०६६ रुग्ण, एकत्र तपासले. चांदीमुळे संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. भाजलेल्या जखमांच्या २०१३ च्या छाननीत तर ते जुने पांढरे मलम इतर काही नव्या पट्ट्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. याचा अर्थ चांदी निरुपयोगी असा नव्हे. संसर्ग झालेली, चिघळलेली जखम डॉक्टरांनी पाहून चांदीची पट्टी लिहून दिली तर ती जरूर वापरावी. साध्या खरचटण्याला ती लागत नाही.

आणि जंतूही स्वस्थ बसलेले नाहीत. १९७५ साली अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जळीत कक्षात चांदीलाही न जुमानणारा साल्मोनेला जंतू सापडल्याची नोंद आहे. ही मुजोरी जंतूच्या कोणत्या जनुकीय लिखाणातून येते, ते १९९९ साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. त्यांच्या प्रमुखाचे आडनावच सिल्व्हर होते, हा गमतीचा योगायोग. जे औषध मोज्यांत, साबणात, बादलीत, जागोजागी वापरले जाईल, ते एक दिवस जळीत कक्षात हात टेकेल.

केळीचे पान, बटाट्याची साल

नॅनोच्या या चर्चेत मुंबईने केलेले एक साधे काम झाकले जाऊ नये. भाजलेल्या माणसाचे सर्वांत मोठे हाल पट्टी बदलताना होतात. कापडाची पट्टी जखमेला चिकटते आणि ओढताना नुकती आलेली कोवळी कातडी तिच्याबरोबर निघते. त्या किंकाळ्या ज्याने ऐकल्या तो विसरत नाही. परदेशी न चिकटणाऱ्या पट्ट्या आहेत, पण त्यांची किंमत आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेरची. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी बनवून, ती निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांवर वापरली आणि १९८५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी व्हॅसलीन लावलेल्या गॉजशी तिची तुलना केली. केळीचे पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि बटाट्याच्या सालीपेक्षाही स्वस्त पडते, असे दिसले.

महापालिकेच्या रुग्णालयात रोज भाजलेल्या बायाबापड्या पाहून ज्यांना हे सुचले, त्यांची विद्या आम्हाला मोठ्या यंत्रावरच्या विद्येपेक्षा कमी वाटत नाही. मात्र रुग्णालयातील पान वाफेवर निर्जंतुक केलेले असते. घरामागच्या केळीचे पान तोडून भाजल्यावर बांधणे हा त्याचा अर्थ मुळीच नाही.

अशा शोधांची मालकी कोणाची राहते, हाही आपल्या काळजीचा विषय आहे. जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला चक्क पेटंट देण्यात आले होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची आहे, त्याच परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना त्याला हरकत घेतली आणि जुने आधार दाखवून १९९७ साली ते रद्द करविले. आपल्या आज्या जे करीत आल्या ते वाचले. पण सरकारी पैशातून नव्याने निघालेले मलम उद्या कोणत्या भावाने विकले जाईल, हे विचारणारे आपल्यातून निघाले पाहिजेत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. आडारकर यांच्याकडे सोपविले गेले, आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. औषध कामगाराला उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावे, हा विचार त्यामागे होता. ईएसआयच्या आणि पालिकेच्या दवाखान्यात न चिकटणारी पट्टी का मिळत नाही, हे आपल्या युनियनने आणि महिला मंडळाने लेखी विचारावे.

घरात काय करावे

प्रथम काय करू नये ते. "नॅनो सिल्व्हर" किंवा "कोलॉइडल सिल्व्हर" नावाचे पाणी पिण्यासाठी विकले जाते, रक्त शुद्ध होते, ताकद येते असे सांगून. ते पिऊ नये. चांदी शरीरात साठत जाते, तिचे कण कातडीत बसतात आणि कातडी राखाडी-निळी पडते. हा रंग पुन्हा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशा औषधांना सुरक्षितता आणि उपयोग यांचा मान्य आधार नाही, असे जाहीर केले.

जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, माती-काच निघेपर्यंत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. चुना, तंबाखू, अंगारा, चहापूड, पेट्रोल यांतले काहीही भरू नये. हळदही नको, कारण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल त्याच दिवशी दवाखान्यात विचारावे. गंजलेल्या खिळ्याचीच वाट पाहू नये, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. कुत्रे चावले तर जखम साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यायला निघावे. भाजल्यास नळाखाली वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बर्फ, टूथपेस्ट, शाई काही लावू नये, आणि अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढून घ्याव्यात. जखमेभोवतीची लाली पसरू लागली, ताप आला, दुर्गंधी सुटली तर उद्यावर टाकू नये. अँटिबायोटिक गोळ्या शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मधेच बंद करू नयेत.

सफाई कामगार बंधूंना वेगळे सांगायचे आहे. संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कंत्राटदार गमबूट आणि हातमोजे देत नसेल आणि त्याऐवजी मलमाची नळी हातावर ठेवत असेल, तर ती नळी कितीही नॅनो असो, तिचा फोटो काढून तक्रारीला जोडावा.

आणि ज्यांच्या घरात मधुमेहाचे माणूस आहे त्यांनी रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसह. त्यांना स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडांना हे काम द्यावे. बधिर झालेल्या पायाला चपलेतला खिळा टोचलेला कळत नाही. फोड, भेग, काळपट डाग काहीही दिसले तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात न्यावे, आणि पगाराच्या दिवशी अनवाणी चालणाऱ्या आजोबांसाठी मऊ तळाची चप्पल आणावी.